पाणाड्याचं पुस्तक

तळहातावर नारळ आडवा ठेवून तो शेतात फिरायचा आणि नारळ जिथे उभा राहील तिथे बोअर घ्यायला सांगायचा. आमच्या कुंभार पिंपळगावात त्याला सगळे ‘ए पाणाड्या’ अशीच हाक मारायचे. मग त्याने जमिनीतलं पाणी कसं ओळखावं यावर पुस्तक लिहिलं. मुखपृष्ठावर काळा चष्मा लावून, हातात नारळ घेऊन तो स्वतःच उभा. झालं! लोक एकदम ‘सर’ म्हणायला लागले, बसायला खुर्ची द्यायला लागले. मीसुद्धा पुस्तक विकत घेतलं आणि त्याला, म्हणजे सरांना, आमच्या वावरात बोलावलं.

सर आले, नारळ घेऊन चालू लागले. बांधावरच्या लिंबाखाली नारळ असा ताडकन उभा राहिला की आमच्या बायकोने टाळ्याच वाजवल्या. मी धावत जाऊन तिथे चुन्याची फुली मारली.

“थांबा, जल्दी करू नका,” सर म्हणाले. त्यांनी पिशवीतून स्वतःचं पुस्तक काढलं, कपाळाला लावलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि मान हलवली. “न्हाई. लिंबाखाली पाणी बिलकुल नसतंय. हे बघा, छापलंय.”

“अहो सर, पण नारळ उभा राह्यला की!”

सरांना माझी कीव आली.

“नारळ बाजारातून आणलाय हो. पुस्तक म्या लिव्हलंय.”

मी पायाने फुली पुसून टाकली.