उंदीरमामांचा हात

प्रयोगशाळेच्या प्राणीघरात सगळे त्यांना उंदीरमामा म्हणत आणि ते निमूट 'ओ' देत, म्हणजे नाव अंगाला चिकटलंच. निवृत्तीचं वय उलटूनही त्यांना ठेवून घेतलं होतं ते हातासाठी. तिथल्या मुख्य संशोधक बाई म्हाताऱ्या उंदरिणींना हार्मोनची सुई टोचायच्या, पाण्यातून जस्त पाजायच्या आणि शेवटी डोकं उडवून मेंदूखालची तांदळाएवढी पीयूष ग्रंथी काढून बघायच्या, तिच्या थकल्या पेशींना तरतरी आली का म्हणून. मेख एवढीच, की मरताना उंदरीण घाबरली तर भीतीनं ग्रंथीतलं सगळं बदलायचं आणि मेहनत वाया. मामांच्या हातात ती घाबरायचीच नाही. मानेवरून अंगठा फिरवत, "काही होत नाही गं, बाळा," म्हणत ते तिला पलीकडच्या खोलीत नेत. पातं पडेपर्यंत तिचे डोळे अर्धे मिटलेले.

"एवढ्या लाडानं मला कधी हाक नाही मारलीत," बायको शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची.

"तुला पलीकडच्या खोलीत न्यायचं नाहीये ना."

मग तो हात कापायला लागला. आधी शर्टाचं बटण सुटेना, मग कप बशीवर वाजू लागला. नोकरी गेली तर दिवसभर बायकोच्या तोंडासमोर बसायचं. त्यापेक्षा मामांना पातं परवडलं असतं. त्यांनी डोकं चालवलं. म्हाताऱ्या उंदरिणींना जस्त चालतं, मग आपण काय घोडं मारलंय? जस्ताच्या पाण्याच्या बाटल्या भरताना चोरून दोन घोट घेऊ लागले. हात कापायचा तो कापतच राहिला, वर मळमळ सुरू झाली.

"डोहाळे लागलेत का?" बायकोनं विचारलं.

शेवटच्या खेपेला उंदरिणींना मानेवरचा अंगठा थरथरताना कळला. त्या किंचाळल्या, एकीनं चावून करंगळी फोडली, आणि 'काही होत नाही' हे कुणी मनावरच घेतलं नाही. पुढे बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता विचारलं, "मामा, या कुणी नेल्या होत्या?"

"मीच की."

दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना आपल्या खोलीत बसवलं. कधी नव्हे तो चहा मागवला, कप स्वतः हातात दिला. मग खुर्चीमागे येऊन मानेपाशी हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाल्या, "काही होत नाही, मामा."

मामांनी शहाण्यासारखे डोळे अर्धे मिटले. चहा पँटवर सांडत होता, तरी हलले नाहीत.