रघूच्या अंगणातलं प्लास्टिक

रघूची होडी धक्क्याला लागली की पोरं ओरडायची, "भंगारवाला आला!"

रत्नागिरीहून पावस गावाकडं जाणाऱ्या वाटेवर, खाडीच्या तोंडाशी पंचवीस-तीस घरांची ती वाडी. इतरांच्या होड्यांतून मासळीच्या पाट्या उतरायच्या. रघूच्या होडीतून पाट्यांमागोमाग दोन गोणी कचरा उतरायचा. दुधाच्या पिशव्या, ऑइलचे डबे, तुटक्या चपला, थर्माकोलचे तुकडे, नायलॉनच्या दोरीचे गुंते. मासळीबरोबर जाळ्यात येणारा हा कचरा सगळेच झटकून पाण्यात सोडतात. रघू सोडत नसे. नऊ वर्षांत त्यानं समुद्राला चिंधीसुद्धा परत केली नव्हती.

खाण्यापिण्यातही तोच नेम. भाकरी स्टीलच्या डब्यात, पाणी घरच्या कळशीतलं. बिस्किटाचा पुडा तो होडीवर चढू देत नसे. त्याच्या खलाशानं, सुजयनं, एकदा गुटख्याची पुडी पाण्यात टाकली तर रघूनं होडी वळवून ती काढायला लावली. बायको भागूबाई बाजारात मासे विकायची. तिच्या पाटीतल्या प्लास्टिकच्या पिशव्या त्यानं बंद केल्या.

"गिऱ्हाइकाला डबा आणायला सांग. नायतर केळीच्या पानात बांधून दे."

"आणि ते शेजारणीकडं गेलं म्हंजे?"

"जाऊं दे."

आणि गिऱ्हाइकं खरंच गेली. भागूबाई चरफडली. लग्नानंतर पंधरा वर्षं चारचौघांसारखा असलेला हा माणूस एकाएकी असा का झाला, हे तिला कळेना. गोण्यांचा ढीग अंगणात वाढत होता. ग्रामपंचायतीची गाडी महिन्यातून एकदा यायची, कधी तीही नाही. शेजारीपाजारी आपल्या घरातला कचरासुद्धा रात्रीतून त्याच ढिगावर आणून टाकू लागले, आणि वर वास येतो म्हणून सरपंचांकडे तक्रारही त्यांनीच केली. माशा हाकलत रघू गोण्यांची तोंडं शिवत बसायचा.

कारण त्याचं त्यालाच ठाऊक होतं.

दहा वर्षांमागं त्याचं एक जाळं पार विरलं होतं. फाटकं जाळं घरी आणून ठेवणार कुठं? सगळे करतात तेच त्यानं केलं. खाडीबाहेर गेल्यावर जाळ्याचा गुंडाळा पाण्यात लोटला आणि विसरून गेला. पुढच्या मोसमात त्याच्या चुलतभावाच्या, विठूच्या होडीच्या पंख्यात कुठलंसं जाळं अडकलं. इंजिन बंद करून विठू सुरी घेऊन पाण्यात उतरला. बरंचसं कापून झालं होतं. तेवढ्यात लाटेनं होडी उचलली, जाळ्याचा दोर ताणला गेला आणि विठूचा उजवा हात फासात सापडला. रत्नागिरीच्या दवाखान्यात त्याची तीन बोटं काढावी लागली.

विठू वाडीतला सगळ्यांत चांगला जाळं विणणारा होता. मुंबईच्या बोटीवाल्यांचीही जाळी त्याच्याकडे यायची.

खलाशांनी पंख्यातलं जाळं धक्क्यावर आणून टाकलं होतं. रघू बघायला गेला. वाकून त्यानं एक गाठ हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. गाठ त्याचीच होती. रघू डावरा. जाळं विणताना त्याची गाठ उलटी बसायची, वाडीत तशी गाठ दुसऱ्या कुणाचीच नव्हती. त्यानं इकडंतिकडं बघितलं, जाळं खांद्यावर टाकलं आणि घरी नेलं. "धक्क्यावर घाण कशाला," तो म्हणाला. लोक म्हणाले, रघू भला माणूस. अंगणातल्या ढिगाची सुरुवात त्या जाळ्यानं झाली.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. विठूच्या खाटेशी बसला. संत्री सोलून दिली. सांगायचं म्हणून आला होता, पण तोंड उघडेना. उद्या सांगू म्हणून उठला. त्या उद्याची नऊ वर्षं झाली.

विठूनं होडी विकली. धक्क्यावर बसून तो दुसऱ्यांची मासळी निवडू लागला. रघू रोज त्याच्या घरी मासळीचा वाटा पाठवायचा. समोरासमोर आला की मान खाली घालायचा.

यंदा दिवाळीनंतर शहरातल्या एका संस्थेची माणसं किनारा साफ करायला आली. एकसारखे टी-शर्ट घालून त्यांनी दोन तास कचरा वेचला, फोटो काढले. कुणीतरी त्यांना रघूचं अंगण दाखवलं. त्यांच्या दर्शना मॅडम ढीग बघून थक्क झाल्या. आठवड्याभरात शाळेच्या हॉलमध्ये सत्कार ठरला. शाल, नारळ आणि प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला फुलांचा गुच्छ.

"रघूभाऊ," मॅडमनी माइक पुढं धरला, "ही प्रेरणा तुम्हाला मिळाली कुठून?"

शेवटच्या रांगेत विठू बसला होता. रघूनं त्याच्याकडं बघितलं.

"समुद्र आमची आय हाय," तो म्हणाला. "आयच्या अंगावर कोण कचरा टाकील?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. रघूचा मुलगा सोहम मोबाइलवर सगळं टिपत होता. विठूनं टाळी वाजवली नाही. तसल्या हातानं कशी वाजवणार, असं शेजारच्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रघू होडीतलं पाणी उपसत होता. विठू येऊन धक्क्याच्या पायरीवर बसला.

"भाषण झ्याक केलंस, दादा."

"कसलं भाषण रे."

"मला वाटलेलं, आज बोलशील."

"काय?"

"माझ्या पंख्यातलं ता जाळं तुझं होतं."

रघूनं हातातला डबा खाली ठेवला. त्यानं विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचंय कुणी? पाण्यात सुरी चालवत होतो तवा गाठी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. डावरी गाठ वाडीत दुसऱ्या कुणाची हाय?"

"मग नऊ वर्षं बोलला का नायस?"

"मी कशाला बोलू? बोटं माझी गेली. बोलायला तू हवा होतास." विठूचा आवाज चढला नव्हता. "जाळी सगळेच टाकतात. मीपण टाकलीत. त्याचा राग कधीच नव्हता. दवाखान्यात आलास, संत्री सोललीस. तवाच बोलला असतास तर मी म्हटलं असतं, जाऊं दे दादा, नशीब. पन तू साऱ्या जगाचा कचरा उचलत बसलास, नि माझ्यासमोर मान वर करीत नायस."

"चुकलं माझं, विठू."

"आता? शाल घेतल्यावर?"

विठू उठला. मागं वळून न बघता घरी गेला.

रघूनं त्या संध्याकाळी भागूबाईला सगळं सांगितलं. ती रडेल, ओरडेल असं त्याला वाटलं होतं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"म्हंजे एक शब्द बोलायला नको म्हणून माझी गिऱ्हाइकं घालवलीत? घराचा उकिरडा केलात?"

रघू उठून अंगणात गेला.

नंतरच्या गोष्टी चांगल्याच झाल्या म्हणायच्या. संस्थेनं ट्रक लावून अंगण रिकामं केलं. पंचायतीनं धक्क्यावर लोखंडी जाळीचा मोठा पिंजरा उभा केला आणि सोहमच्या वयाचे तीन-चार तरुण तांडेल आपापल्या होडीतून जाळ्यातला कचरा आणून त्यात टाकू लागले. पिंजऱ्यावर रघूच्या नावाची पाटी लागली. तेवढी काढा, असं सांगायला तो सरपंचांकडं गेला. "किती साधा माणूस!" म्हणत सरपंचांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पाटी राहिली.

विठू मात्र वाडीत राहिला नाही. बायकोला, रुचिराला घेऊन तो पावसला एका आंब्याच्या बागेत राखणीला गेला. जाताना सगळ्यांच्या घरी निरोप घ्यायला गेला. रघूचं घर त्यानं वगळलं.

महिन्याभरानं भागूबाईच म्हणाली, "जाऊन तरी या."

रघूनं दोन मोठे सरंगे, ताजी पापलेटं, केळीच्या पानात बांधले आणि एसटी पकडली. बागेतल्या खोपीसमोर रुचिरा पाला झाडत होती. तिनं त्याला खुर्ची दिली, चहा दिला.

"ते वरच्या अंगाला गेलेत. येतील," ती म्हणाली.

रघू बसून राहिला. कलमांच्या रांगांतून त्याला विठू दिसला, डाव्या हातानं वाळकी फांदी तोडताना. विठूनंही एकदा खोपीकडं बघितलं. मग कोयता उचलून तो पलीकडच्या रांगेत गेला. तास गेला, दोन तास गेले. शेवटच्या गाडीची वेळ झाली तसा रघू उठला.

रुचिरानं आतून माशांचं पुडकं आणलं. तिनं ते सोडलंसुद्धा नव्हतं.

"हे घेऊन जावा, भावजी. ह्यांनी मासळी सोडलीय."

"कधीपासनं?"

"इथं आल्यापासनं." ती खाली बघत होती.

एसटीत वास आला म्हणून कंडक्टर कुरकुरला. रघू मागच्या सीटवर जाऊन बसला, पुडकं मांडीवर धरून. घरी पोचला तेव्हा भागूबाई दारातच उभी होती. तिनं पुडकं आत नेलं. विळी घेतली आणि मासे साफ करायला बसली.