हातगाडीला हिरवा झेंडा

"माझ्या हुकमाशिवाय ही गाडी हलायची नाही, सांगून ठेवतो!" रेल्वेतून रिटायर झालेले गार्डसाहेब दारातून गरजले.

"मग मी झोपू कुठं? कंदिलांच्या मांडीवर?" बायकोनं विचारलं. पलंगावर रेल्वेचे कंदील, मोरीत सिग्नलचा दांडा, साड्यांच्या कपाटात रुळांचे तुकडे. शेवटी तिनं भंगारवाला बोलावून नवऱ्याचा जन्मभराचा संग्रह हातगाडीवर चढवला होता. साहेबांच्या हाती फक्त शिट्टी आणि झेंडे उरले होते.

भंगारवाल्यानं दोर आवळला आणि सहज विचारलं, "काका, निघू का?"

झालं! भरलेली गाडी समोर उभी आणि माणूस रीतसर परवानगी मागतोय. साहेबांनी गाडी मागून-पुढून न्याहाळली, शिट्टी फुंकली, हिरवा झेंडा दाखवला. गाडी वळणाआड गेली तरी झेंडा खाली येईना.

"अहो, स्वतःच सोडलीत की हो!" बायको हसता हसता पायरीवरच बसली.

तेव्हा कुठं साहेब भानावर आले. पायजमा सावरत, लाल झेंडा नाचवत पळाले आणि गाडी परत घेऊन आले.

"पलंग तेवढा मोकळा करा," डोळे पुसत बायको म्हणाली, "बाकीचं राहू दे मेलं."

साहेबांनी कंदील स्वयंपाकाच्या ओट्यावर मांडले आणि पहिल्याची काच पुसायला घेतली.