गाण्यासाठीचे दात

फोन उचलला की तो ‘हॅलो’ म्हणत नाही, ‘काय?’ म्हणतो. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नाही, दातांकडे बघतो. दुकानात खुर्ची एकच ठेवतो आणि तिच्यावर स्वतः बसतो. कुणी गुणगुणायला लागलं की विचारतो, “दुखतंय का कुठे?” कौतुक ऐकू आलं की पंखा मोठा करतो. शर्ट दोन, दोन्ही करडे, दोन्हींचे खिसे मेणाने डागाळलेले.

सगळे त्याला भोंगा म्हणतात. मी पहिल्यांदा ‘काका’ म्हटलं तेव्हा म्हणाला, “मी तुझ्या बापाचा भाऊ नाही.” अहो-जाहो त्याला शिवीसारखं लागतं. म्हणून बोलताना मी ‘तुम्ही’ म्हणत असले तरी इथे एकेरीच लिहिते.

भोंगा कवळ्या बनवतो. दवाखान्यांतून तोंडाची मापं येतात. हा प्लास्टरच्या जबड्यावर मेण चढवतो आणि त्यात एकेक दात बसवतो. सगळे बसले की मेणाच्या जागी पक्कं गुलाबी प्लास्टिक ओततो. तरुणपणी मात्र तो ‘नसती उठाठेव’ या पंक बँडचा गायक होता. गिटारवर त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ. ड्रमवर पोहायला शिकवणारे मास्तर. ‘साहेब जागेवर नाहीत’, ‘शेजाऱ्याचा कुत्रा मला ओळखतो’, ‘जिन्यातली सायकल कोणाची’ अशी त्यांची गाणी. सगळ्यात लांब गाणं एक मिनिट चाळीस सेकंदांचं. भोंगा इतक्या वेगात गायचा की अर्धे लोक लगेच हसायचे आणि अर्धे घरी गेल्यावर.

बावीस वर्षांपूर्वी, जड स्पीकर जिन्यावरून कोणी उतरवायचा यावरून भांडण झालं आणि बँड संपला. गेल्या वर्षी कोणीतरी जुनी ध्वनिफीत इंटरनेटवर टाकली. कॉलेजातल्या मुलांनी ती उचलून धरली. एका कंपनीने नवा अल्बम मागितला. सोबतच्या पुस्तिकेचा मजकूर लिहायला मेहुण्याने मला बोलावलं.

“शिकलीस काय?” भोंग्याने विचारलं.

“साहित्य.”

“म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचलंस. दात दाखव.”

मी दाखवले.

“खालची अक्कलदाढ तिरकी आलीय. लिही काय लिहायचं ते.”

अशी आमची मैत्री झाली. दुसरा शब्द मला सापडत नाही.

पहिली तालीम मेहुण्याच्या रंगाच्या दुकानामागच्या गोदामात झाली. त्याने सगळी गाणी नव्याने बसवली होती. ‘सायकल’ आता चार मिनिटांची होती. सुरुवातीला नुसती गिटार, एकेक तार, खूप वेळ.

भोंगा ऐकत राहिला. मग म्हणाला, “ही काय सायकलची अंत्ययात्रा आहे?”

“आता आपला बाज बदलायला हवा,” मेहुणा म्हणाला.

“तुला गंभीर व्हायचंय. एवढा गंभीर चेहरा आहे, तो पुरत नाही?”

“तुझ्यासाठी केलंय हे. वरची अख्खी कवळी आहे तुझी. जुन्या वेगात गायलास की निम्मे शब्द टाळूलाच चिकटतात. ‘स’ म्हटलास की कुकरची शिट्टी होते. ऐकायचंय?”

आधीच्या आठवड्यात भोंग्याने नुसतंच म्हणून दाखवलेलं गाणं त्याने फोनवर लावलं. खरंच शिट्टी होत होती. मास्तर हातातल्या काठ्यांकडे बघत बसले.

“माझ्यासाठी!” भोंगा म्हणाला. “तीस वर्षांत माझ्यासाठी तू दार धरून ठेवलं नाहीस. महिनाभर थांब. मी गाण्यासाठी वेगळे दात करतो. रेकॉर्डिंगच्या दिवशी जुन्या वेगात गाऊन दाखवलं, तर सगळी गाणी जुन्या वेगात. नाही जमलं, तर काढ तुझी अंत्ययात्रा.”

मेहुण्याने फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, “ठरलं.”

त्या महिन्यात भोंगा कुणाशीही सरळ बोलला नाही. टाळूवरचं मेण त्याने कागदाइतकं पातळ केलं. पुढचे दात केसभर मागे घेतले. मेणाची कवळी तोंडात घालून एक ओळ म्हणायचा, काढायचा, पाण्यात गार करायचा, खरवडायचा, पुन्हा घालायचा. दुकानात आलेल्या दवाखान्याच्या माणसाला त्याने ‘साहेब’ हा शब्द वीस वेळा ऐकवला. तो माणूस घाबरून पार्सल न घेताच गेला.

त्याची बायको डबा घेऊन यायची. “जेवायचे दात टोचतात म्हणून हा माणूस पाव भिजवून खातो,” ती मला म्हणाली, “आणि गाण्यासाठी नवे करतोय! माझा भाऊ आणि हा, दोघांना एका पोत्यात घालून बडवलं पाहिजे.”

“पोतं मोठं आण,” भोंगा म्हणाला. “तुझा भाऊ फुगलाय.”

चौथ्या आठवड्यात त्याने मेणाच्याच कवळीवर ‘सायकल’ म्हटलं. एक मिनिट अडतीस सेकंद. एकही शब्द गळला नाही, एकही शिट्टी नाही. मी टाळ्या वाजवल्या.

“वाजवू नकोस. अजून उजवीकडच्या दोन दाढा बसायच्यात, मग पक्कं करायचं. दोन दिवसांचं काम.” पण त्याला धीर नव्हता. “चल. त्याचं तोंड बघून येऊ.”

दुपार होती. रंगाच्या दुकानात कुणी नव्हतं. मागून गिटारचा आवाज येत होता. गोदामाच्या दारात आम्ही थांबलो. मेहुणा पाठमोरा बसून ‘सायकल’ वाजवत होता. जुन्या वेगात. चार ठोके झाले आणि हात थांबला. त्याने पुन्हा सुरुवात केली. या वेळी तीनच. मग त्याने डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडली आणि हात मनगटापर्यंत बादलीतल्या वाफाळत्या पाण्यात घातला. खांदे वर आले.

मला वाटलं, आता भोंगा दणाणणार. त्याने माझा दंड धरला आणि मला परत फिरवलं.

वाटेत त्याने मेहुण्याला शिव्या घातल्या. फुटपाथला घातल्या. माझ्या चपलांना घातल्या, त्या फटफट वाजतात म्हणून.

“हात याचा गेला आणि खापर माझ्या दातांवर,” दुकानात आल्यावर तो म्हणाला. “खोटारडा.”

“मग सांगा ना सगळ्यांना.”

“आणि लोकांनी त्याला बिचारा म्हणायचं? अहाहा! त्या माणसाला कुणी बिचारा म्हणणार नाही. मी म्हणू देणार नाही. पुस्तिकेत लिही, गायकाच्या दातांमुळे गाणी संथ झाली.”

“पण ते खोटं आहे.”

“साहित्य शिकलीस ना?”

रेकॉर्डिंगच्या दिवशी तो रोजचीच कवळी घालून आला.

“झाले दात?” मेहुण्याने विचारलं.

“नाही जमलं.”

मेहुणा त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मी म्हटलंच होतं.”

“म्हटलं होतंस, म्हटलं होतंस. वाजव आता. मढं वाट बघतंय.”

भोंगा चार मिनिटं गायला. संथ, प्रत्येक शब्द चावून. जुन्या गाण्यातला माणूस सायकलीला अडखळून पडायचा आणि लोक हसायचे. हा माणूस जिन्यात उभा राहून मालकाची वाट बघत होता. मला भीती वाटली. काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला खुर्चीतून उठून उभा राहिला. मेहुण्याने शेवटची तार छेडली आणि हात झटकन मांडीखाली घेतला. भोंगा भिंतीकडे बघत होता.

अल्बम आला. कोणीतरी लिहिलं, बँड परिपक्व झाला. मी भोंग्याला वाचून दाखवलं.

“आंब्यासारखा?” तो म्हणाला. “पुढे सडतोच.”

तो आणि मेहुणा अजून बोलत नाहीत. कामापुरतं बोलतात, तेही टोचून. पुस्तिकेत मी दातांचं लिहिलं. मुलाखत घेणारे आता त्याला दातांबद्दल विचारतात. मग तो त्यांना हाकलतो.

गाण्याची कवळी दुकानातल्या वरच्या फळीवर आहे, अजून मेणातच. उन्हाळ्यात मेण जरा मऊ पडलं आणि पुढचा एक दात झुकला. उजवीकडच्या दोन दाढा बाटलीच्या झाकणात पडून आहेत. परवा मी ते झाकण उचललं.

“ठेव ते,” तो म्हणाला. “करायचंय अजून.”