मालक गेलेत

ताई-दादांनो, जीव टांगणीला लागलाय म्हणून लिहिते.

आमची द्राक्षं काल थंड कंटेनरमधून तासगावहून कोकणातल्या एका छोट्या बंदरावर गेली. बोट येईपर्यंत कंटेनर विजेला जोडून ठेवावा लागतो, नाहीतर माल नासतो. आज सकाळी तिथं एकच प्लग रिकामा होता.

ड्रायव्हर सर्जाभाऊंनी मला फोन लावून तिथल्या कारकुनाकडं दिला.

"मालकांना द्या. त्यांच्या होकाराशिवाय प्लग देता येत नाही."

मी म्हणाले, "मालक गेलेत."

"मग आल्यावर फोन करायला सांगा," म्हणून त्यानं ठेवूनही दिला.

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. पण ते येणार नाहीत, हे सांगायला मला पुन्हा फोन लावता आला नाही.

तासाभरानं सर्जाभाऊंचा फोन. "आवं वैनी, प्लग दुसऱ्याला दिला की! तुमीच मालक हाय, सांगायचं न्हाई व्हय?"

आता प्लग संध्याकाळीच मिळेल म्हणतात. कंटेनरवरचा तापमानाचा आकडा चढतोय.

कोकणात बंदरावर कुणाची ओळख आहे का? असेल तर लगेच कळवा. मालक कोण विचारलं, तर माझं नाव सांगा.