रक्तपिशाच्च विचारतो, जेवलीस का

पत्रकं वाचत मी मोठी झाले. वडील कागदाच्या मिलमध्ये होते, युनियनचं काम करायचे. मिलच्या गेटवर वाटायच्या पत्रकांवरूनच मी अक्षरं शिकले. त्यामुळे शोषण म्हणजे काय हे आपल्याला पक्कं कळतं, असा माझा समज होता. शोषण करणारा आपल्याशी वाईट वागतो, इतकं ते सोपं होतं.

साखरपुड्यात मला मुलाकडून मोबाईल मिळाला. आमच्या बऱ्हाणपुरात आता अंगठीसोबत मोबाईल येतोच. सिम त्याच्या नावावर. तो देडतलाईकडचा, घरी केळीची शेती. फोन दिवसभर यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला: जेवलीस का? त्यानंतरचा: कुठे आहेस? आईला फक्त पहिला ऐकू यायचा. गल्लीत ती कौतुकानं सांगायची, जावई पोरीला जेवली का विचारल्याशिवाय घास घेत नाही.

सिनेमा त्यानंच पाठवला. एका दुपारी दोघांनी आपापल्या घरी एकाच वेळी टीव्हीवर लावला, कान फोनला. भाषा दोघांनाही अनोळखी, खाली हिंदी अक्षरं. आई शेजारी गवार मोडत बसली होती. बर्फाच्या गावातला एक रक्तपिशाच्च, हातमोजे शिवणाऱ्या मुलीच्या प्रेमात पडलेला. कुणी 'आत ये' म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. ती म्हणते. मग तो रोज तिच्यासाठी रांधतो, ताट रिकामं होईपर्यंत समोर बसतो, आणि नंतर तिच्या मानेतून थोडंसंच पितो. पिताना रडतो. शेवटी शेवटी ती जेवण झालं की आपणहून कॉलर सोडवते.

"बघ, किती जीव लावतो," आई म्हणाली. "तुझ्या बापानं मला कधी विचारलं नाही, जेवली का म्हणून."

फोनवर तो म्हणाला, "इतकी भूक असून मारलं नाही त्यानं तिला. प्यार यालाच म्हणतात."

मी म्हटलं, "तो तिला स्वतःसाठी खाऊ घालतोय."

तो हसला. तू कशाचंही पत्रक करतेस, म्हणाला. आणि मग अगदी मायेनं, लोधीपुऱ्यातल्या मीटिंगला जाऊ नको म्हणाला. उन्हात फिरून वाळत चालली आहेस. लग्नानंतर हे सुटणारच, तर आतापासूनच सोड.

लोधीपुऱ्यात पॉवरलूमसाठी घरबसल्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका जमणार होत्या. मजुरीबद्दलचं त्यांचं पत्रक मी लिहिलं होतं, मीच वाचून दाखवणार होते. मालकाला काय उत्तर द्यायचं ते मला पाठ होतं. माझ्या तब्येतीची काळजी करणाऱ्याला काय उत्तर द्यायचं, ते वडिलांच्या एकाही पत्रकात नव्हतं. मला राग आला होता, आणि तो ठेवायला कुठेच जागा नव्हती.

मीटिंगच्या दिवशी मी गेले. बायका जमत होत्या तेवढ्यात फोन वाजला. जेवलीस का? मी खरं ते सांगितलं: नाही, आणि मी लोधीपुऱ्यात आहे. तो ओरडला नाही. केळीची गाडी घेऊन मंडीत आलोय, म्हणाला, डबा घेऊन येतो.

तो आला. त्याच्या आईनं त्याच्यासाठी दिलेला डबा होता तो. स्वतः उपाशी राहून तो माझ्यासाठी घेऊन आला होता. शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग. चपला काढून दारात उभा राहिला आणि माझ्याकडे बघू लागला. बायका हरखल्या. एक म्हणाली, "जीजाजी, बाहर काय उभे राहता? आत या ना."

खोलीला दार एकच होतं. मी म्हटलं, "आत येऊ नका."

त्यानं शांतपणे डबा पुढे केला. "बाहेर थांबतो. तू आधी जेव."

मी पत्रक वाचायला लागले. कुणीतरी डबा उघडून माझ्यासमोर ठेवला. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी. सकाळपासून पोटात काही नव्हतं. वासानं तोंडाला पाणी सुटत होतं आणि मी मजुरीवर बोलत होते. बायका ऐकत होत्या, पण मधूनमधून दाराकडे बघत होत्या, आणि त्यांच्या नजरेत त्याची कीव होती. मी कशालाही हात लावला नाही.

बाहेर आले तर तो केळीच्या गाडीत बसलेला. त्यानं माझ्या हातून डबा घेतला, वजन पाहिलं. मी चालायला लागले. त्यानं गाडी चालू केली आणि माझ्या चालीनं, शेजारून, घरापर्यंत आणली. वाटेत एकदाच म्हणाला, "चक्कर येईल तुला."

आई दारातच उभी होती. त्यानं फोन करून ठेवला असावा. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पदर सावरत त्याला म्हणाली, "या ना, आत या. ताटं वाढलीत."

तो उंबऱ्याशी थांबला, चपला काढल्या, आणि माझ्या आधी आत गेला.