धाकट्याने उचललेलं हसू

माझा धाकटा भाऊ टीव्हीवर रडतो आणि लोक त्याच्यावरून जीव ओवाळून टाकतात. खरं सांगायचं तर तो रडतच नाही, तीच तर गोम आहे. मालिकेत तो घरातला गरीब काका आहे. पुतण्या टाकून बोलला, सुनेने ताट आपटलं, की काका आधी हसतो. मग तळहात शर्टाला पुसतो, बोलायला तोंड उघडतो, शब्द गिळतो आणि पुन्हा हसतो. चूक जशी काही त्याचीच. त्या दोन हसण्यांच्या मधे तो जरासा थांबतो ना, तिथे घराघरांतून नाक ओढल्याचे आवाज येतात. माझ्याही घरातून येतात, लपवू कशाला!

मुलाखतीत त्याला विचारतात, तुमचा काका सगळ्यांना इतका का आवडतो? तेव्हा स्वारी पायावर पाय टाकून सांगते, "रडणाऱ्या माणसाकडे लोक बघत नाहीत, चॅनेल बदलतात. रडू लपवणाऱ्याकडे बघतात. त्याला आपणच सांभाळायला हवं, असं त्यांना वाटतं." मेल्याचं अगदी खरं आहे. म्हणून तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कारण हे त्याला कुठल्या नाट्यशाळेत शिकवलेलं नाही. ते आमच्या थोरल्या भावाचं आहे, जसंच्या तसं, तळहात पुसण्यासकट.

दादा बुटांच्या दुकानात कामाला आहे. ठेंगण्या स्टुलावर बसायचं, गिऱ्हाइकाची टाच तळहातावर घ्यायची, पत्र्याच्या पट्टीने ती बुटात सरकवायची, मग वरून अंगठ्याने दाबून बघायचं की बोट कुठे टेकतंय. "चालून बघा, घाई नाही." दिवसभर हेच. गिऱ्हाईक खेकसलं, एखाद्याने पाय झटकला आणि पट्टी लागून बोट कापलं, तरी दादा आधी हसायचा. लहानपणी बाबा त्याला बदडायचे तेव्हापासूनचं ते हसू. बाबांना वाटायचं कार्टं उलट हसतंय, की आणखी दोन बसायच्या. धाकटा तेव्हा कॉटखाली बसून बघायचा. मार कधी त्याच्या वाट्याला आला नाही. बघणं तेवढं आलं, आणि त्याचं त्याने सोनं केलं.

मालिका चालली आणि दादाची पंचाईत झाली. गिऱ्हाइकं म्हणायला लागली, "अरे वा, तुम्ही तर अगदी त्या काकासारखं करता! परत करून दाखवा ना." मालक तर हरखलाच. त्याने दादाला मागच्या कपाटांपासून उचलून पार दारापाशी बसवला. लोक बूट घालून बघायचं निमित्त करून यायचे, मुद्दाम आवाज चढवायचे आणि दादा हसतो का म्हणून टक लावून बसायचे. एक बाई तर वैतागून म्हणाली, "नाही हो, टीव्हीवर जास्त चांगलं करतात."

"तू सांग ना धाकट्याला, बंद कर म्हणावं," मी दादाला म्हटलं.

"काय सांगू?" दादा म्हणाला. "माझं तोंड परत दे म्हणून सांगू?"

शेवटी त्याने आपल्या परीने उपाय काढला. हसणंच बंद केलं. हात शर्टाला पुसायची सवय जाईना, म्हणून हात खिशात घालायला लागला. दुकानात बंद केलं ते घरीही बंद झालं, अशा गोष्टी काही दुकानात टांगून येता येत नाहीत. वहिनी बोलायची आणि तो नुसता बघायचा. तिच्या हातून काचेचा जग फुटला, तो बघत राहिला. तिचा वाढदिवस आला नि गेला, तो बघत राहिला. पूर्वी तिने कितीही आदळआपट केली तरी त्याच्या त्या हसण्यापुढे तिचा राग टिकत नसे. आता राग घेऊन जायचं कुठे? एक दिवस तिने बॅग भरली आणि आपल्या भावाकडे निघून गेली. जाताना मला म्हणाली, "भिंतीशी किती दिवस बोलू हो?"

दादा खचला. दुकानातून यायचा आणि बूटसुद्धा न काढता वहिनीच्या रिकाम्या खुर्चीसमोर जमिनीवर बसून राहायचा. मी धाकट्याला बोलावून चांगला फैलावर घेतला. तर तो म्हणतो कसा, "ताई, अगं यात काय एवढं? दादाने फक्त जाऊन पूर्वीसारखं हसायचं. वहिनी पळत येईल."

"तू हस," दादाला म्हणाला. दादा हसला. फार दिवसांनी चालू केलेल्या नळासारखं अडकत अडकत आलं ते.

"नाही नाही, तू घाई करतोस. डोळे आधी भरू देऊ नकोस. हसू आधी. मग हात. मग थांब. थांबला नाहीस तर मजा नाही."

आणि हे मी या डोळ्यांनी बघितलं बरं का! दादा, माझा थोरला भाऊ, कपाटाच्या आरशासमोर उभा राहून शिकत होता. धाकटा त्याची हनुवटी धरून वळवत होता. दादा बिचारा विचारत होता, "आता बरोबर आलं?"

दादाला घेऊन मी वहिनीच्या भावाकडे गेले. सगळं घर बाहेरच्या खोलीत जमलं होतं. वहिनी दाराशी उभी होती. डोळे सुजलेले होते, म्हणजे तिलाही यायचं होतं, एक शब्द मिळाला असता तर आली असती. दादा उभा राहिला. हसला. तळहात शर्टाला पुसले. तोंड उघडलं, शब्द गिळला आणि थांबला. शिकवलं होतं तेवढंच थांबला.

वहिनीची भाची टाळ्या पिटत ओरडली, "काका! टीव्हीतला काका! आत्या, बघ ना!"

सगळे खो खो हसले. वहिनीचा भाऊ तर सोफ्यावर आडवा झाला. दादाला खरंच हुंदका आला होता हो, मी शेजारी उभी होते, त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होताना बघत होते. पण हुंदका आल्यावरही तो करणार काय, तर हसणार. तेवढंच त्याला येतं. तो हसला आणि खोलीत हशाचा आणखी एक फवारा उडाला.

वहिनी हसली नाही. तिचा चेहरा उतरला. "सगळ्या जगाने केली तर केली," ती म्हणाली, "पण माझ्यासमोर तरी भाऊजींची नक्कल करू नका." आणि आत निघून गेली.

मग काय, धाकट्याला पाठवायचं ठरलं. ठरवलं कोणी? दादानेच. म्हणाला, "तो चांगलं करतो."

आम्हा दोघांना घेऊन धाकट्याची गाडी वहिनीच्या भावाच्या इमारतीखाली थांबली तशी सगळे जिने माणसांनी भरले. एक जोडपं धावत आलं, फोन दादाच्या हातात देऊन म्हणालं, "जरा फोटो काढता का?" दादाने काढला. दोनदा काढला, पहिल्यात धाकट्याचे डोळे मिटले होते. मग दादा गाडीत बसून राहिला आणि धाकटा नि मी वर गेलो.

धाकट्याने वहिनीला नमस्कार केला आणि सरळ खाली जमिनीवर बसला. "दादा घरी कसा बसतो, दाखवू?" म्हणाला. एवढंच. पायातले बूट न काढता तो बसला. रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. हसला. तळहात पुसले. तोंड उघडलं, मिटलं. आणि थांबला.

काय सांगू तुम्हाला! तो दादाच होता. तोंडाला कुलूप लागायच्या आधीचा, आमचा दादा. इतके दिवस हरवलेलं माणूस समोर जमिनीवर बसलं होतं. माझ्या डोळ्यांना धार लागली आणि मनात मी त्या मेल्याला शिव्या घालत होते. वहिनी त्याच्यासमोर बसली, "पुरे, पुरे हो," म्हणाली आणि ढसाढसा रडली. वहिनीचा भाऊही नाक पुसत होता. थोड्या वेळाने वहिनी बॅग घेऊन खाली आली. गाडीत दादा पुढच्या सीटवर होता. त्याने मागे वळून बघितलं. ती डोळे पुसत खिडकीबाहेर बघत होती.

आता सगळं सुरळीत आहे, असं सगळे म्हणतात. दादा अजून दारापाशीच बसतो, पण मालक आता नाराज आहे, कारण हा काही करून दाखवत नाही. मालिका लागायच्या वेळी वहिनी कामं आटपून टीव्हीसमोर बसते. परवा मीही होते. काकाला पुतण्याने घराबाहेर काढलं होतं. काका हसला, थांबला.

वहिनीचे डोळे भरले. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "हे अगदी असेच होते हो पूर्वी."

दादा आमच्या मागे जेवणाच्या टेबलाशी बसला होता. मी वळून बघितलं. तो हसला. हात खिशातून निघाले, शर्टावर फिरले. तोंड उघडलं, आणि या वेळी काहीच गिळलं गेलं नाही. लहानपणीसुद्धा कधी ऐकला नव्हता तसा आवाज त्याच्या घशातून बाहेर पडला.

वहिनीने टीव्हीवरची नजर न काढता मागे हात केला.

"शू! ऐकू द्या ना हो जरा."